पहिला घास

राजाला नदीकाठी विणकरांची वस्ती हवी होती. जमीन पारखणारे अंबाजीपंत मात्र एक पावसाळा थांबा म्हणत होते. दुपारच्या पंगतीतच प्रधान त्यांच्यावर घसरला.

"तिथं पूर येईल याची खात्री आहे?"

"नाही."

"नुसत्या शंकेपायी राजाज्ञा अडवता? हद्दपार व्हाल."

तेवढ्यात राजाचं ताट आलं, तसा रिवाजाप्रमाणे प्रधानाने आचाऱ्याला त्यातला पहिला घास खायला लावला.

अंबाजीपंतांनी विचारलं, "प्रधानजी, जेवणात विष असल्याची खात्री आहे?"

"खात्री कशी असेल? पण महाराजांच्या जिवाशी खेळ नको."

"विणकरांनाही जीव आहे. त्या जमिनीचा पहिला घास पावसाळ्याला घेऊ द्या."

राजाने उचललेला घास ताटात ठेवला. "पावसाळा सरेपर्यंत तिथं कुदळ मारायची नाही," तो प्रधानाला म्हणाला.