दही, रस्ता आणि मंदाताईंचं वजन

बार्शीच्या मंदाताई खराडे दह्याची मडकी पिकअपमध्ये भरून स्वतःच हॉटेलांत पोचवायच्या. पण महिन्याभरापासून गाडी अशी उड्या मारायला लागली, की घरून निघालेलं घट्ट दही पोचेपर्यंत ताक व्हायचं. हॉटेलवाल्यांनी सांगून टाकलं, "ताई, अजून एकदा असं झालं तर दुसरीकडून घेऊ."

वॉरंटी संपायला दोनच दिवस उरले होते. ताईंनी गाडी थेट सर्व्हिस सेंटरात आणली. तिथले मॅनेजर दिघेसाहेब गाडीला हातही न लावता म्हणाले, "गाडी एकदम ठणठणीत आहे. तुमच्याकडचे रस्तेच तसले." मग ताईंच्या ऐसपैस देहाकडे बघून हसले, "आणि जरा वजनाचंही बघा!"

मेकॅनिक मंडळी फिदीफिदी हसली. ताईही हसल्या. "खरंय साहेब. मला बघून आमचा वजनकाटासुद्धा घाबरतो."

एवढं बोलून त्या मागच्या बंपरवर चढल्या, दोनदा दणकून जोर दिला आणि उतरून साहेबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रिकामी गाडी आपली जागच्या जागी खालीवर डुलतच राहिली.

"साहेब, फरशी तुमची, गुळगुळीत. वजन हे इथं, तुमच्या बाजूला उभं. मग आता ही कुणाच्या नावानं नाचतीय?"

साहेब गाडी थांबायची वाट बघत राहिले. ती काही लवकर थांबेना. शेवटी त्यांनीच वॉरंटीचा फॉर्म मागवला आणि लिहिलं, 'शॉकअप निकामी. चारही बदलणे.'

ताईंनी ऐटीत सही केली आणि चहा सांगितला. साखर जास्त घालून.