पाणकणसावरची जागा

तळ्याला अजून घाट बांधलेला नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठच्या एका पाणकणसाच्या पात्यावर टाचण्यांचं, म्हणजे सुईसारख्या बारीक अंगाच्या उडत्या किड्यांचं, बिऱ्हाड होतं. पंख पाठीवर मिटून बसायचं, ही त्यांची रीत. आपलं माणूस त्या त्यावरूनच ओळखायच्या.

एका सकाळी पाण्यातून एक पोर पात्यावर चढलं आणि कात टाकून थरथरत बसलं. अंगावर रंग नव्हता, ओले पंख पाठीवर मिटलेले होते. "आपलंच आहे गं," म्हणत टाचण्यांनी त्याला मधे घेतलं.

ऊन चढलं, तसे त्याचे पंख वाळले आणि आपोआप दोन्ही बाजूंना पसरले. शेजारची टाचणी धक्क्याने घसरलीच.

"अगं बाई, हा तर पंख पसरून बसणारा चतुर किडा!" ती ओरडली. "फसवलं की यानं! हाकला त्याला."

पोराला अजून उडता येत नव्हतं, आणि खाली मासे टपून होते. ते जिवाच्या आकांताने पंख ओढून मिटायला लागलं.

"मिटतो ना मावशी, आत्ता मिटतो," ते म्हणत राहिलं. कोवळा पंख मुळाशी चुरगळायला लागला.

तेवढ्यात थोरली टाचणी उडून त्याच्याजवळ आली.

"पुरे रे बाळा, मोडेल तो," ती म्हणाली. "तू पसरूनच बस."

मग ती बाकीच्यांकडे वळली.

"बघत काय बसलात गं? सरका की जरा."