पाखऱ्याचा प्रसाद

गोंदगडचे राजे येसाजीराव इतके सुटले होते की त्यांना घोड्यावर चढवता चढवता मोतद्दारांची कंबर मोडे. पायाची जखम भरत नव्हती, आणि ते लघवीला बसत तिथे मुंग्या लागत. त्र्यंबकवैद्यांनी बजावलं, “महाराज, गोड बंद करा, नाहीतर पाय जाईल.”

राजांनी नामी तोड काढली. जिलब्यांचं ताट आधी देवापुढे ठेवायचं, मग स्वतः फस्त करायचं. “प्रसाद कधी बाधतो का?” ते गरजले आणि प्रसादाला नावं ठेवली म्हणून वैद्यांनाच हद्दपार केलं. दरबारात कुणाची बोलायची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी पागेत पाऊल टाकताच राजे जागीच थिजले. त्यांचा जीव की प्राण असलेल्या पाखऱ्या घोड्यापुढे राणी चिमाबाई जिलब्यांचं ताट धरून उभ्या होत्या.

“राणीसाहेब, हे काय चालवलंय!” राजे किंचाळले. “गोडानं फुगेल तो! खुरं धरतील, पांगळा होईल!”

“देवापुढचा प्रसाद आहे, महाराज. तो कसा बाधेल?”

“पोटाला काय कळतं, ताट देवापुढून आलं की हलवायाकडून!”

बोलून गेले आणि राजांचा चेहरा पांढराफटक पडला.

राणींनी ताट मागे घेतलं. “पाखऱ्या गेला तर दुसरा घोडा मिळेल, महाराज. त्याच्यावर बसणारा मी कुठून आणू?”

राजांनी आपल्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं आणि ते मोतद्दारावर ओरडले, “बघतोस काय? पाखऱ्यावर बस आणि वैद्यबुवांना परत आण!”