दोघींच्या मधली भिंत

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाऊस एकदा बसला की चार महिने उठत नाही अशा एका गावात, सगुणा नावाची एक कासारीण राहत होती. सकाळी उठायचं, नवऱ्याचं अंग पुसायचं, त्याला पेज भरवायची, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आसपासची गावं पालथी घालायची आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसायचं, असा तिचा दिवस. नवरा दोन वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडला, तेव्हापासून खाटेवरच होता. सगुणा मनाची वाईट नव्हती. दमलेली होती.

तिच्या घराला लागूनच गोजरा पोहेवालीचं घर होतं. दोन्ही घरांत मिळून मातीची एकच भिंत. त्या भिंतीच्या पोटात एक लाकडी खांब, खांबावर तुळई, आणि तुळईवर दोन्ही घरांचे माळे टेकलेले.

त्या वर्षी भिंतीवरची कौलं सरकली. तीन आठवडे पाणी गळत राहिलं आणि कुणाला फारसं दिसलं नाही, कारण ते खाली जमिनीवर न पडता भिंतीतच उतरत होतं. पाऊस ओसरल्यावर गवंडी आला आणि त्याने कौलं नीट बसवली.

जाताना तो म्हणाला, "सगुणाबाई, गळती थांबली. पण भिंतीने एवढं पाणी पिऊन घेतलंय. एकदा गिलावा काढून आतला खांब बघायला हवा."

"बघू दसऱ्यानंतर," सगुणा म्हणाली.

दसरा आला आणि गेला. सगुणाच्या बाजूला भिंतीवर पांढरा लोणा, ओलीने वर आलेला खार, फुलला. घरात पाऊल टाकलं की ओलसर, कुबट वास यायचा. एका दुपारी तिने बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला. तिने जरा खरवडलं, तर मातीबरोबर लाकडाचा काळा भुगा हातात आला.

ती बराच वेळ त्या भुग्याकडे बघत उभी राहिली. भिंत उघडायची म्हणजे घरभर धूळ होणार. धुळीने नवऱ्याचा खोकला वाढणार. गवंड्याच्या मागे लागा, त्याच्या माणसांचं जेवण रांधा, आणि तेवढे दिवस टोपली घरात पडून राहणार. हे सगळं नुसतं मनात आलं तरी तिचे खांदे खाली आले.

तिने शेणमाती कालवली, भोक बुजवलं आणि वरून चुन्याचे दोन हात मारले. भिंत नव्यासारखी दिसू लागली. मग तिने नवऱ्याची खाट ओढत ओढत समोरच्या भिंतीला नेऊन लावली.

"खाट का गं हलवलीस?" त्याने विचारलं.

"इकडे उजेड बरा येतो," ती म्हणाली.

कार्तिकात नवं भात आलं. एका संध्याकाळी सगुणा टोपली उतरवून उंबऱ्यावर टेकली होती. पायांची नुसती आग होत होती. तेवढ्यात गोजरा आली.

"ताई, यंदा पोह्यांसाठी भात जास्त घेतलंय. पोती माळ्यावर चढवीन म्हणते. खाली उंदरांनी वैताग आणलाय. तुमच्या बाजूने भिंत कोरडी आहे ना?"

सगुणाच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण त्या उत्तरामागून जे जे यायचं होतं तेही तिला दिसलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

"मग झालं!" गोजरा म्हणाली आणि थांबलीच नाही.

सगुणाने भाकऱ्या थापल्या. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप आला. चौथ्या दिवशी भर दुपारी भिंतीतून कडाड् असा आवाज झाला, आणि गोजराचा माळा पोत्यांसकट खाली आला. सगुणाचा माळा रिकामा होता, तो नुसता कलला.

सगुणा धावत गेली. धुळीत काही दिसत नव्हतं, फक्त गोजराचं कण्हणं ऐकू येत होतं. शेजारपाजारच्यांनी पोती उपसली. जीव वाचला, पण उजव्या पावलाचा चुरा झाला होता. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या आणि हळूच सांगितलं, "चालेल. पण सरळ नाही चालणार."

गोजराला दुसरं कोण होतं? सगुणाच तिचं सगळं करू लागली. आता दोन खाटा, दोन अंगं पुसायची. गोजरा प्रत्येक वेळी म्हणायची, "ताई, किती करता माझं!" आणि सगुणाला ते शब्द ऐकवत नसत.

माळा पडल्याच्या तिसऱ्या दिवशी पेज भरवता भरवता तिचा हात थांबला.

"गोजरे, मला ठाऊक होतं. खांबाचा भुगा माझ्या हातात आला होता, वरून चुना मारून टाकला. यांची खाट मी तिथून हलवली. तुला मात्र कोरडी आहे म्हणाले."

गोजराने तोंड फिरवलं. पेज निवून गेली. सगुणा उठली नाही. आता ही काय बोलेल ते ऐकायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

गोजरा म्हणाली, "खाट हलवलीत. आणि माझ्याकडे आला नाहीत."

"नाही आले."

"मला तुमचा राग आलाय, ताई. तो राहील." मग ती पुढे बोलली, "पण माझ्या घरात उंदीर नव्हते. माझ्याही बाजूची जमीन ओली होती. खालची दोन पोती कुजली, म्हणून माळा आठवला. भिंतीला मीही चुना फासला होता. तुमच्याकडे आले ते विचारायला नाही, कोरडी आहे एवढं ऐकायला. ते ऐकलं आणि पळाले. न जाणो, तुम्ही आणखी काही बोलाल."

मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आणि त्यातून सगुणाच्या नवऱ्याचं खोकणं ऐकू येत होतं.

गवंडी आला. त्याने भिंत जोत्यापर्यंत उतरवली. आतला खांब मोडलेल्या जागेखेरीज बाहेरून धड दिसत होता, पण पहारीचं टोक लावताच ते आरपार गेलं. त्याने नवा खांब उभा केला, भिंत पुन्हा रचत आणली. धूळ झाली, खोकला वाढला, माणसांची जेवणं झाली, टोपली घरात पडून राहिली. सगुणाला ज्याची धास्ती होती ते सगळं झालं. ते सोपं नव्हतं. पण ते एके दिवशी संपलं. गोजराचं पाऊल मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं. काही दिवस ती सगुणाशी बोलायची, काही दिवस बोलायची नाही. सगुणा दोन्ही दिवशी तिचं पाणी भरायची.

शेवटी गवंडी चुन्याची बादली घेऊन उभा राहिला. "मारू का हात?"

"थांबा," सगुणा म्हणाली. तिने आपल्या बाजूने भिंतीवर तळवा ठेवला आणि हाक मारली, "गोजरे, माझ्याकडे अजून ओल आहे. तुझ्याकडे?"

पलीकडून काठीचा आवाज आला. मग भिंतीवर हात फिरल्याचा.

"माझ्याकडेही आहे, ताई."

"मग राहू दे," सगुणा गवंड्याला म्हणाली. "वाळली की बोलावू."

भिंत तशीच उघडी, मातकट राहिली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: दमलेल्या माणसाला ओल झाकून टाकावीशी वाटते, पण भिंत एकट्याची नसते; आपल्या बाजूची ओल वेळेवर सांगितली, तर पलीकडच्याचा पाय वाचतो.