दिलावर मिस्त्रीची गॅरंटी

निवृत्त मुख्य अभियंता पाठारेसाहेबांची कॅम्पर व्हॅन आंबा घाटात बंद पडली. दिलावर मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधला, रेडिएटर नवा बसवला. काम चार दिवस चाललं आणि चारही दिवस साहेब शेजारी खुर्ची टाकून त्याला नट आवळायला शिकवत होते.

निघताना साहेबांच्या पत्नी कुमुदताईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मिस्त्रीला हात जोडले. "भाऊ, तुमच्यामुळे नातीचं बारसं गाठतोय."

साहेब गुरगुरले, "परत बंद पडली तर? गॅरंटी काय?"

मिस्त्री अदबीनं म्हणाला, "साहेब, बंद पडली तर तुम्ही पुन्हा चार दिवस इथंच येऊन बसणार. मग मी एक तरी नट ढिला ठेवीन का?"

लिंबू चिरडून गाडी निघाली. कुमुदताई वळणापर्यंत हात हलवत होत्या. निम्मे आभार गाडी दुरुस्त केल्याचे, निम्मे त्या उत्तराचे.