सुईण आणि दुसरा कागद

एका डोंगराळ मुलखात एक सुईण राहायची. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्माला आलं होतं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर घरचे सगळे जीव मुठीत धरून बसायचे. मग दार किलकिलं व्हायचं, सुईण डोकं बाहेर काढून म्हणायची, "रडलं गं बाळ!" आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पण एक गोष्ट तिला आतून खात होती. मूल आडवं आलं की ती हात टेकायची. अशी दोन बाळं तिच्या हातून गेली होती. त्यांची आठवण निघाली की ती भरल्या ताटावरून उठायची.

राजधानीत राजाने एक दाईशाळा काढली होती. आडवं आलेलं मूल सुखरूप कसं सोडवायचं, हे तिथे शिकवत. अट एकच होती. दारात दिलेला कागद स्वतः वाचून दाखवायचा, कारण आतलं सगळं शिकणं पोथीवरून चालायचं. चुकलं तर वर्षभर थांबायचं. सुईणीला तर अक्षराची ओळखच नव्हती.

त्याच सुमारास गावात मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. दुपारची जेवणं आटोपली की तो चावडीत भरायचा. शिकवायला गावचीच शेवंता होती. पहिल्या दिवशी सुईण उंबऱ्यातच अडली.

"अगं, तुझी नाळ मी कापली. आता तुझ्यापुढं पाटी घेऊन बसू? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्याही नाळा तुम्हीच कापल्यात की, आक्का," शेवंता म्हणाली. "या, बसा."

सुईण बसली खरी, पण पुस्तक होतं लहान मुलांचं. कमळ, बदक, भोवरा! आठ दिवसांत तिला जांभया यायला लागल्या. शेजारी बसणारा कुंभार तर यायचाच बंद झाला.

अशात राजधानीची एक कासारीण बांगड्या घेऊन गावात आली. तिचं उठणं-बसणं दाईशाळेच्या दारातच. ती म्हणाली, "कशाला एवढी खटपट? दरवर्षी तोच कागद देतात. ऐकून ऐकून मला पाठ झालाय. घ्या, तुम्हीही पाठ करा."

सुईणीची स्मरणशक्ती दांडगी. कोण कोणत्या तिथीला, कोणत्या प्रहरी जन्मला, हे ती झोपेतही सांगायची. दोन दिवसांत कागद तोंडपाठ झाला. तिसऱ्या दिवशी तिने तो वर्गात घडाघडा म्हणून दाखवला.

शेवंताने तो ऐकता ऐकता लिहून घेतला आणि तिच्यापुढे ठेवला. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणता?"

सुईण बघतच राहिली. कानांना सगळं येत होतं, डोळ्यांना काहीच नाही.

"आक्का, दारातून आत जाल. पण आतली पोथी कोण पाठ करून देणार?"

सुईणीचा चेहरा पडला. "मग मी करू तरी काय? ते कमळ अन् बदक माझ्या डोक्यात शिरत नाहीत."

शेवंता तिच्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "वाचता आलं, तर पहिलं काय वाचायचंय तुम्हाला?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सुईण म्हणाली, "आडव्या आलेल्या बाळाचं काय करावं, ते वाचायचंय."

शेवंताने पुस्तक मिटलं आणि पाटीवर लिहिलं, 'बाळ'. दुसऱ्या दिवशी 'नाळ'. तिसऱ्या दिवशी 'कळ'. सुईण खुदकन हसली, "अगं, हे शेवटचं अक्षर तर रोजच भेटतंय!" कुंभारासाठी पाटीवर 'माती' आली, 'चाक' आलं, 'भट्टी' आली, आणि तोही परत यायला लागला.

दहा महिन्यांनी सुईण राजधानीला निघाली. अख्खा वर्ग गाडीत चढला, कुणी मागे राहायला तयार नव्हतं. दाईशाळेच्या दारात सगळ्यांना थांबवून सुईण एकटी दाराजवळच्या खोलीत गेली. म्हाताऱ्या राजवैद्यांनी तिच्या हाती कागद दिला.

तिने पहिले दोन शब्द वाचले आणि ती थांबली. तोच कागद! पुढचं सगळं जिभेवर तयार होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

तिने कागद परत केला. "वैद्यबुवा, हा मला पाठ आहे. दुसरा द्या."

"पाठ आहे तर म्हणून मोकळी हो की, बाई!"

"म्हटला तर आत येईन हो. पण मला खरंच वाचता येतं की नाही, हे मला कधी कळायचं? बाळ अडल्यावर?"

वैद्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पोथीतलं एक पान काढून तिच्यापुढे ठेवलं.

बाहेर शेवंताने पदराला पीळ घातला होता. कुंभार नखं खात होता. आतून काहीच आवाज येत नव्हता.

आत सुईणीने अक्षराखाली बोट ठेवलं. एका अक्षरापाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "क...ळा... कळा येत असताना... आईचा... धीर सुटू देऊ नये."

ती एकदम हसली. "अहो, हे तर मला ठाऊकच आहे! लिहिलेलं मात्र आज भेटलं."

वैद्यही हसले आणि त्यांनी नावांची वही तिच्यापुढे सरकवली. तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. सुईणीने डोकं बाहेर काढलं. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

"रडलं गं बाळ!"

कुंभाराने पागोटं हवेत उडवलं. शेवंता मटकन पायरीवर बसली आणि पोटभर रडली.

तात्पर्य: मोठ्या माणसाला शिकवायला बसाल, तेव्हा त्याला कुठे पोहोचायचंय ते आधी विचारा. आणि शिकायला बसाल, तेव्हा दार उघडल्यावर आतही चालता येईल इतकं शिका.