राजीनामा देणारा काँप्युटर

भैरववाडी दूध संघाचे चेअरमन रंगराव घोलप शकुन-अपशकुन फार मानायचे. वार्षिक सभेच्या दिवशी त्यांचं भाषण काँप्युटरमध्येच राहिलं आणि प्रिंटर काही केल्या हलेना. बाहेर सभासद खोळंबले होते.

ऑपरेटर रत्नमालाताई म्हणाल्या, "साहेब, प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला होता."

"मग माझ्या गाडीवरचा घ्या की!"

"तो माणूस नव्हे साहेब, प्रिंटर चालवणारा प्रोग्राम. मी नवा टाकलाय. आता काँप्युटर एकदा बंद करून चालू करायचा."

चेअरमन ताडकन उठले. "निवडणूक तोंडावर असताना माझ्या केबिनमध्ये काहीही बंद होणार नाही!"

"बंद कुठं होतोय? तो राजीनामा देणार आणि लगेच बिनविरोध निवडून येणार."

"बिनविरोध? नक्की?"

"समोर दुसरा काँप्युटरच नाही."

खूश होऊन चेअरमननी स्वतःच बटण दाबलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि प्रिंटरमधून भाषणाची पानं भराभर बाहेर पडू लागली.

"कमाल आहे! नुसत्या राजीनाम्यानं एवढी सुधारणा होते?"

"होते साहेब," पानं त्यांच्या हातात देत रत्नमालाताई म्हणाल्या. "म्हणून तर सभासद केव्हापासून मागताहेत."